वेलांटी आधी

मामांचा जुना संगणक गेला तो खंडेनवमीच्या आठवडाभर आधी. त्या वर्षी ट्रेडल छपाईयंत्राच्या शेजारी पूजेला त्याचा नुसता डबा होता. पिवळट पडलेला, तोंडावर कित्येक दसऱ्यांची हळदकुंकवाची बोटं आणि फ्लॉपीच्या खाचेत अडकलेली झेंडूची एक वाळकी पाकळी. मामांनी त्यालाही फूल वाहिलं. मामी म्हणाल्या, "बंद पडलेल्याची कसली पूजा?" तर म्हणाले, "राबलाय की."

आमचं आजोळ सांगलीचं. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत छापखाना. आजोबांच्या काळात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे, मामांनीही बरीच वर्षं तेच केलं. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. नव्वदीत डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, आलं आणि मामा चाळिशीला कळफलकावर बसले. बाकीचे कंपोझिटर त्या धक्क्यातून सावरले नाहीत, मामा सावरले. कारण साधं होतं: त्यांनी तरुणपणी मराठी टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा दिली होती, आणि डीटीपीच्या फॉन्टबरोबर मिळालेल्या पॅकेजमध्ये टायपरायटरचाच कळफलक होता. खालचं यंत्र बदललंय हे त्यांच्या बोटांना कोणी कळूच दिलं नाही.

या संगणकावर मामांनी १९९६ साली घराण्याचा कुलवृत्तांत केला. ४१२ पानं. कऱ्हाडहून निघालेल्या पाच शाखा, वंशवेल, कोण कुठे स्थायिक झालं, कोण दत्तक गेलं. पुढे भावंडांनी व्हॉट्सॲपवर गट काढला आणि दुसऱ्या आवृत्तीची टूम निघाली. छापील प्रत स्कॅन करून अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला घातली, तर त्याने जोडाक्षरांचं जे केलं ते केलंच, पण १ आणि ९ यांच्यात त्याचा सारखा घोळ होई. कादंबरीत हे खपलं असतं. कुलवृत्तांतात पणजोबा ऐंशी वर्षं उशिरा जन्मले तर वंशवेलच उलटी लागते. तेव्हा मूळ फाइल पाहिजे, असं ठरलं. आणि घरात संगणकाचं कळणारा म्हणून ते काम भाच्याच्या गळ्यात आलं.

डबा उघडून हार्ड डिस्क काढली, कन्व्हर्टर लावून माझ्या लॅपटॉपला जोडली. टकटक आवाज करत तिने सगळं दिलं. फाइलींची नावं आठ अक्षरांत कोंबलेली, पुढे पीएम५. शेजारीच पेजमेकरचा, म्हणजे ज्या प्रोग्रामात ही पानं मांडली त्याचा, फोल्डरही होता. मामेभावाच्या नव्याकोऱ्या विंडोज लॅपटॉपवर तो चालवून पाहिला. नाही म्हणाला.

यात कोणाची खोडी नव्हती. पेजमेकर ५ हा १९९३चा, विंडोज ३.१साठी लिहिलेला, सोळा बिटांचा प्रोग्राम. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये सोळा बिटांचे प्रोग्राम चालवायची सोय ठेवलेलीच नाही. तो जिना केव्हाच पाडलाय. जुनी विंडोजच आणून दुसऱ्या संगणकाच्या पोटात बसवायची हा एक मार्ग असतो, पण मामांची विंडोजची सीडी मामींनी पेरूच्या झाडाला बांधली होती. पाखरं येत नाहीत म्हणून. ती चकाकत होती अजून.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही, तिच्या जागी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली आहे. म्हणजे पेजमेकरच्या दृष्टीने तिथे घरच नाही, नुसतं रान. आणि तो चालला तिथेच.

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाइन नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्याचं काम सुरू झालं तेही १९९३ साली, बॉब ॲमस्टाट आणि एरिक यंगडेल यांच्या हातून, आणि उद्देश होता तो विंडोज ३.१चे प्रोग्राम लिनक्सवर चालवण्याचाच. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर ज्युलियार्ड या प्रोग्रामरने सूत्रं हाती घेतली, ती अजून त्यांच्याच हातात आहेत. १.० ही आवृत्ती निघायला २००८ साल उजाडलं. पंधरा वर्षं "अजून पुरतं झालेलं नाही" असं प्रामाणिकपणे सांगत राहणारी माणसं मला आवडतात. आमच्या धंद्यात आठवड्याभरात १.० निघते आणि दुसऱ्या आठवड्यात माफीनामा.

वाइन हे नाव एका वाक्याचं लघुरूप आहे आणि त्या वाक्यातही ते नाव आहेच: वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर. आपण एम्युलेटर नाही हे नावातच ठासून सांगायचं कारण असं. एम्युलेटर म्हणजे यंत्राची नक्कल, एका प्रोसेसरची भाषा दुसऱ्याला उलगडून सांगणं. ॲपलने २०२० साली आपले संगणक इंटेलच्या चिपवरून स्वतःच्या चिपवर नेले, तेव्हा जुन्या प्रोग्रामांसाठी रोझेटा २ दिलं, ते जवळपास अशा जातीचं काम. वाइनला त्याची गरज नाही. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम आणि माझा लॅपटॉप यांचा प्रोसेसर एकाच कुळीचा. बेरजा-वजाबाक्या तो प्रोग्राम थेट करतो. अडतं ते मागण्यांपाशी. कुठलाही प्रोग्राम स्वतः फारसं काही करत नाही, सारखा मागत असतो. मला एक खिडकी दे. ही फाइल उघड. हे अक्षर इथे काढ. एवढी मेमरी दे, ही घे परत. विंडोजमध्ये अशा मागण्यांची हजारो ठरलेली नावं आहेत. वाइनवाल्यांनी काय केलं, तर त्या प्रत्येक नावाला ओ देणारं कोणीतरी उभं केलं.

आणि हे विंडोजचा मूळ कोड न बघता. मायक्रोसॉफ्टचा कोड ज्याने पाहिलाय त्याने वाइनला हात लावायचा नाही, असा तिथे नियम आहे. मग ते छोटे छोटे चाचणीचे प्रोग्राम लिहितात, खऱ्या विंडोजवर चालवतात, काय उत्तर आलं ते टिपतात आणि आपलंही उत्तर तेच येईपर्यंत घासत बसतात. उस्तादाची चीजांची वही बघायची मुभा नाही, दाराबाहेर बसून ऐका आणि बसवा. गाणं बरोबर बसलं का हे ठरवायला एकच कसोटी: तस्संच आलं पाहिजे. उस्तादाचा सूर जिथे घसरतो तिथे तुमचाही घसरला पाहिजे. कारण जुने प्रोग्राम विंडोजच्या गुणांवर जेवढे विसंबतात तेवढेच तिच्या खोडींवर. एखाद्या मागणीला विंडोज वर्षानुवर्षं चुकीचं उत्तर देत असेल, तर वाइननेही तेच चुकीचं उत्तर द्यायचं. बरोबर उत्तर दिलंत की प्रोग्राम आपटला.

खुद्द मायक्रोसॉफ्टलाही हे चुकलेलं नाही. विंडोज ९५च्या वेळची सिमसिटी या खेळाची गोष्ट सॉफ्टवेअरवाल्यांत पुन्हा पुन्हा सांगितली जाते. तो खेळ मेमरी परत करायचा आणि परत केल्यावरही तिच्यातलं वाचायचा. भाड्याची खोली सोडून किल्ली दिल्यावर मागच्या दाराने जाऊन पाणी प्यावं तसा. जुन्या व्यवस्थेत ती खोली लगेच कोणाला दिली जात नसे, म्हणून निभावत होतं. नव्यात निभावेना. तर विंडोज ९५मध्ये अशी सोय घातली की सिमसिटी चालू आहे असं दिसलं की मेमरी वेगळ्या पद्धतीने वाटायची, सोडलेली खोली लगेच दुसऱ्याला द्यायची नाही. चूक खेळाची, सांभाळून घेतलं विंडोजने.

मी वाइनमध्ये मामांसाठी बत्तीस बिटांचं वेगळं घर केलं. वाइनचं घर म्हणजे एक लपलेला फोल्डर. त्यात सी ड्राइव्ह नावाचा आणखी एक फोल्डर असतो, आणि प्रोग्रामला तोच खरा सी ड्राइव्ह वाटतो. बाकी माझं सगळं लिनक्स, म्हणजे माझी अख्खी कागदपत्रं, फोटो, ऑफिसची कामं, हे त्याच्या लेखी झेड ड्राइव्ह. कुठेतरी शेवटी. मामांच्या डिस्कवरचं सगळं तिथे ओतलं. लिनक्सला लहान-मोठ्या लिपीतली इंग्रजी नावं वेगळी वाटतात, विंडोजला एकच. तेव्हा पेजमेकरने कशीही हाक मारली तरी वाइन फोल्डरभर धुंडून फाइल हजर करतं. सेटिंगमध्ये विंडोजची आवृत्ती निवडायची यादी येते, तिच्यात ३.१ अजून आहे. ती निवडली आणि प्रोग्राम चालू केला.

सोळा बिटांचा कोड चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर चालतो हेही गृहीत धरण्यासारखं नाही. २०१४ साली लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ही वाट बंद केली होती. सोळा बिटांच्या कोडकडे परतताना कर्नलची थोडी गुप्त माहिती बाहेर झिरपायची, म्हणून. मग वाइनमध्ये जुने प्रोग्राम चालवणाऱ्यांचं काय, हा प्रश्न आला आणि झिरपणं थांबवणारा दुसरा उपाय काढून वाट पुन्हा खुली केली. जगात कुठेतरी अशी अजून चार माणसं आहेत म्हणून माझ्या मामांचं पान उघडलं, हे मला त्या रात्री फार बरं वाटलं.

पेजमेकर उघडत असताना मागच्या काळ्या खिडकीत वाइनची कुरकुर चालू होती. ओळीच्या सुरुवातीला 'फिक्समी' आणि शेवटी 'स्टब'. स्टब म्हणजे नुसतं खोड. प्रोग्रामने असं काही मागितलं की ज्यामागचं काम वाइनमध्ये अजून कोणी लिहिलेलं नाही. मग वाइन बऱ्याचदा करतं असं, की काही न करता "झालं" म्हणून कळवतं आणि आपल्यासाठी वहीत नोंद करतं, हे बघायचंय. छापखान्यातून मामा ओरडायचे, "कागदवाल्याला निरोप दिलास का गं?" आतून मामी, "हो!" दिलेला नसायचा. मामा निर्धास्तपणे पुढचा फर्मा चढवायचे, आणि दहातल्या नऊ वेळा त्या निरोपावाचून काही अडायचं नाही. दहाव्या वेळी जे व्हायचं ते वाइनमध्येही होतं.

पान उघडलं, पण अर्धी अक्षरं गायब.

इथे जुन्या मराठी फॉन्टची गोष्ट सांगायला हवी, ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना माहीत आहे. तेव्हाच्या विंडोजला मराठी येत नव्हती. तिच्याकडे इंग्रजी आणि युरोपातल्या भाषांसाठी २५६ खणांची पेटी होती. फॉन्टवाल्यांनी त्या खणांतली इंग्रजी चित्रं काढून तिथे देवनागरीचे तुकडे बसवले. अर्धा क, काना, मात्रा, रफार, श्रचा शेंडा. मामांना यात नवल वाटलं नाही, खिळ्यांच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीतही, असंच असायचं. पेजमेकरला मात्र अखेरपर्यंत वाटत राहिलं की आपण काहीतरी विचित्र इंग्रजी जुळवतोय. विंडोजमध्ये खरी मराठी आली विंडोज २०००पासून, तीही थेट युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या एकाच सामाईक तक्त्यात. त्या जुन्या २५६ खणांच्या पद्धतीत मराठीला स्वतःची पेटी कधी मिळालीच नाही.

आणि माझ्या लॅपटॉपची भाषा होती मराठी. मी हौसेने ठेवलीय, तारखासुद्धा मराठीत येतात. वाइनने ते पाहून पेजमेकरला मराठी यंत्र असल्याचं सांगितलं असणार, आणि त्याचा इंग्रजी असण्याचा समज मोडला. मी एका ओळीत भाषा अमेरिकन इंग्रजी केली, पुन्हा चालू केलं. आख्खं पान लख्ख मराठीत उभं राहिलं. मुखपृष्ठामागचं कुलदैवताचं नाव, खाली चौकट, चौकटीला मामांची आवडती दुहेरी रेघ.

मामा मागे उभे होते. चष्मा वर-खाली करून बघितलं. "हे खरं पेजमेकर का खोटं?"

"पेजमेकर खरंच आहे मामा. विंडोज खोटी."

"आणि त्याला ते ठाऊक नाही?"

"नाही."

"मग सांगू नकोस."

पण सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात, त्यातली गत पुढे झाली. मामांना लगेच दोन दुरुस्त्या करायच्या होत्या. टायपरायटरचा कळफलक देणारं जे पॅकेज होतं, ते एका डाँगलवर चालायचं. प्रिंटरच्या पोर्टाला लावायची काड्यापेटीएवढी डबी, ती असेल तरच पॅकेज उघडणार. डबी मामांनी जपून ठेवली होती, देवघराच्या खणात, पण माझ्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. असतं तरी उपयोग नव्हता. अशा डबीशी बोलायला यंत्राच्या अगदी आतल्या थरात शिरणारा ड्रायव्हर लागतो, आणि वाइन प्रोग्रामांच्या मागण्या पुरवतं, असले ड्रायव्हर पोटात घ्यायला ते बसलेलं नाही. म्हणजे पान दिसतंय, छापता येतंय, पण मामांना त्यात एक अक्षर टाइप करता येईना. काचेतून घर बघावं तसं. मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग "चहा घेऊ" म्हणाले.

मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये न्यायचा, हाच मार्ग उरला. पेजमेकरमधून साधा मजकूर निर्यात केला. तो बाहेर आला तेव्हा अक्षरांवरच्या टिंबाटोप्यांनी भरलेली फ्रेंच शिवी वाटावी असा होता. कुठला खण म्हणजे देवनागरीचा कुठला तुकडा याचा तक्ता मी आणि मामांनी मिळून केला. छापील पुस्तक त्यांच्या मांडीवर, स्क्रीन माझ्यापुढे. तीन संध्याकाळी गेल्या. अर्धा न, जोडलेला क्ष, त्रचे दोन प्रकार. मामा तुकडे ओळखत होते चित्रावरून नव्हे, बोटांवरून. "थांब, हे शिफ्टचं आहे, उजव्या करंगळीचं," म्हणत हवेत कळ दाबून दाखवायचे, आणि ते बरोबर निघायचं.

दोन ठिकाणी नुसत्या तक्त्याने भागलं नाही. एक वेलांटी. टायपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची, मग अक्षर, कारण कागदावर ती डावीकडे असते. जुन्या फॉन्टमध्येही तसंच. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे, अक्षर आधी आणि वेलांटी नंतर साठवतात. ती डावीकडे दाखवण्याचं काम अक्षरं मांडणाऱ्या सॉफ्टवेअरचं. रफाराचं नेमकं उलट, तो जुन्यात शेवटी आणि नव्यात आधी. 'कीर्ति' नावाची एक आत्या आमच्या वेलीत आहे, जुन्या वळणाची, शेवटची वेलांटी ऱ्हस्व. तिच्या एका नावात या दोन्ही उड्या होत्या. तिचं नाव बरोबर आलं तेव्हा मी प्रोग्राम झाला असं मानलं.

घाईच केली. दुसऱ्या दिवशी मामांनी प्रूफ वाचताना बोट ठेवलं. कऱ्हाड जिथे जिथे हवं तिथे 'क-हाड'. दीडशेच्या वर वेळा. शेतकऱ्यांचे 'शेतक-यांचे'. मी म्हटलं, माझ्या तक्त्यात चूक आहे. मामा हसले. तक्त्यात चूक नव्हती. त्यांच्या फॉन्टमध्ये हा अर्धा र होता, पण कळफलकावर अशा अडगळीत की चाळीसच्या वेगात तिथे बोट जात नसे. तेव्हा डीटीपीतले सगळेच तिथे सरळ संयोगचिन्ह टाकत. कागदावर ते तितकंच आडवं, तितकंच बारीक. कोणाला कळत नव्हतं. आजही लोक सर्रास तसं लिहितात, बघा.

म्हणजे फाइलीत जे होतं ते असं: एक रेघ, जी र असल्याचं दाखवत होती, ती बसली होती अशा फॉन्टमध्ये, जो इंग्रजी असल्याचं दाखवत होता, तो वापरत होता असा प्रोग्राम, ज्याला आपण विंडोजमध्ये आहोत असं वाटत होतं. आणि एकाही पातळीवर कोणी वाचणाऱ्याला फसवलेलं नव्हतं. १९९६ साली ज्याने पुस्तक हातात घेतलं त्याने कऱ्हाड असंच वाचलं. फसवलं मी, सगळं सरळ करायला जाऊन.

खऱ्या रेघा आणि र झालेल्या रेघा वेगळ्या काढायला नियम लिहिला. पुढे य किंवा ह असेल आणि मागे जागा सोडलेली नसेल तर र समजायचा. तरी एके ठिकाणी 'दया-यशोदा' या जुळ्या बहिणींची 'दयाऱ्यशोदा' झाली. ती हाताने सोडवली. मामांच्या शब्दात, खिळे केसमध्ये परत सोडतात तशी.

घरी माझी मुलगी हातात धरायच्या एका यंत्रावर खेळ खेळते. २०२२ साली आलेलं स्टीम डेक. आत लिनक्स, खेळ बहुतेक विंडोजचे, आणि मधे प्रोटॉन नावाने वाइनच, वाल्व्ह कंपनीने २०१८पासून खेळांसाठी तयार केलेलं. तिला मी एकदा हे कौतुकाने सांगायला गेलो. "बरं," म्हणाली. खेळ अडला नाही. वाइनवाल्यांना याहून मोठी पावती मिळणार नाही, पण माझा हिरमोड झाला.

दुसऱ्या आवृत्तीत आता लेकींची मुलंही घ्यायची असं ठरलंय. १९९६मध्ये माझ्या आईची एक ओळ होती: जन्म, विवाह, सासरचं आडनाव, पूर्णविराम. त्या पूर्णविरामाच्या पुढे मी आणि माझी मुलगी. मामा म्हणाले, हे मीच टाइप करणार. त्यांच्यासाठी मी युनिकोडमध्ये लिहिणारा पण टायपरायटरसारखा चालणारा कळफलक बसवून घेतला. त्याने वेलांटी आधी घ्यायची, अक्षराची वाट बघायची आणि मग गपचूप दोघांची अदलाबदल करून साठवायचं.

माझ्या मुलीच्या नावात पहिलंच अक्षर वेलांटीचं. मामांनी कळ दाबली. स्क्रीनवर अक्षराशिवायची वेलांटी आली आणि तिच्या पोटाशी ठिपक्याठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ.

"हे काय भोक?"

"अक्षर आलं की जाईल ते, मामा. खरं म्हणजे आता अक्षर आधी द्यायचं असतं."

"कोण म्हणतं?" मामा म्हणाले, आणि दुसरी कळ दाबली.